पुठ्ठ्यावर आमटी सांडली की…
पुण्यात दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था. महापालिकेशी तिचा करार झाला २००८ मध्ये. आपण ताईंना महिन्याचे पैसे देतो खरे, पण त्यांची उरलेली कमाई आपल्या डब्यात असते. रद्दी, बाटल्या, पुठ्ठा निवडून त्या भंगारवाल्याला विकतात. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की भाव गेला!

आणि सॅनिटरी पॅड? कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. म्हणजे पुडी उघडून बघावी लागत नाही. लाल पेन नसेल तर लिपस्टिकही चालेल की! ‘ग्रीन सिटी’च्या बोर्डांपेक्षा मला हा ठिपका जास्त पटतो. आणि हो, दुधाची पिशवी विसळून सुक्या कचऱ्यात टाका, तीही विकली जाते.