घरून काम ही सोय असावी, अट नव्हे



घरबसल्या कोणती कामं करता येतील, यावर मी बोलावं असं ठरलंय. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या धंद्यात २०२० नंतर घरून काम करणं सर्रास झालं. पण आपल्या समाजाला त्यात नवीन काही नाही. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्वतःच्या घरातच काम करत होत्या. सगळ्या कामकरी स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५१ टक्के होतं. म्हणजे शिलाई करणारी आपली खाला, मेंदी काढणारी फुफी, ट्यूशन घेणारी आपा या कधीपासूनच वर्क फ्रॉम होम करताहेत. त्यांना कमावती मात्र कुणी म्हटलं नाही. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ती होय? ती घरीच असते."

घरच्या कामाची खरी अडचण ही आहे. काम दिसत नाही, म्हणून त्याचा मोबदलाही कुणी नीट ठरवत नाही. समजा, एका नगाच्या शिलाईला ८ रुपये मिळतात आणि तासाला तीन नग होतात. झाले २४ रुपये. त्यातून दोरा, वीज आणि मशिनची दुरुस्ती वजा करा. तुम्ही लॅपटॉपवर काम करणार असाल तरी पहिला प्रश्न हाच विचारा : तासाला हातात किती पडतात?

आता लिज्जत पापड बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. पापड घरीच लाटले जातात. पण पीठ मळलं जातं केंद्रात. बाई सकाळी केंद्रात जाते, आदल्या दिवशीचे पापड देते, मजुरी घेते आणि नवं पीठ घेऊन येते. तिथे इतर जणी भेटतात, दर सगळ्यांना माहीत असतो आणि प्रत्येक सदस्य संस्थेची मालकीण असते. काम घरात होतं, पण बाई घरात कोंडलेली नसते. माझ्या मते आपण नेमकं हेच उचलायला हवं.

आपल्या भागाला घरच्या कामाची गरज आहेच. कर्जतहून सीएसएमटी सुमारे १०० किलोमीटर. जाण्यायेण्यात चारेक तास मोडतात. कर्जत–खोपोली मार्ग एकेरी, गाडी चुकली की पुढचीची वाट बघत बसा. त्यातून पावसाळा. मग मुलगे आखाताकडे डोळे लावतात आणि मुली पदवी घेऊन लग्नाची वाट बघतात.

तर कामं कोणती? लांबच्या कंपनीआधी दहा किलोमीटरच्या आत बघा. कर्जत, नेरळ, कशेळे भागात फार्महाऊस आणि रिसॉर्ट आहेत. त्यांना बुकिंगच्या मेसेजना उत्तरं द्यायला, हिशेब ठेवायला, गुगल मॅपवरची माहिती आणि फोटो नीट ठेवायला माणूस लागतो. खोपोली आणि रसायनीत कारखान्यांबरोबर छोटी वर्कशॉप आणि वाहतूकदार आहेत. त्यांना बिलं, ई-वे बिल, जीएसटीचं रिटर्न भरणारं कुणीतरी हवं असतं. बी.कॉम. झालेल्यांनी टॅली आणि जीएसटी पक्कं केलं, तर चार-पाच गिऱ्हाइकांत घर चालायला मदत होते.

दुसरं, भाषा. उर्दू शाळा, मराठी बाजार आणि इंग्रजी कॉलेज असा प्रवास केलेली मुलं आपल्यात बरीच आहेत. तिन्ही भाषा येणारा माणूस सहज मिळत नाही. भाषांतर, सबटायटल, ऑनलाइन शिकवणी हे त्याचं काम. भाषांतराचा पहिला खर्डा आता यंत्र करतं, पण चूक कुठे झाली हे ओळखणारा माणूस लागतोच.

तिसरं, सॉफ्टवेअर टेस्टिंग, प्रोग्रामिंग, चॅटवरून ग्राहकसेवा, किंवा सायन्सवाल्यांसाठी मेडिकल कोडिंग, म्हणजे आजार आणि उपचारांना बिलासाठी ठरलेले सांकेतिक क्रमांक देणं. यात पहिलं वर्षभर बहुधा ऑफिसात बसून शिकावं लागतं. ते टाळू नका. शेजारच्या टेबलावरून जे शिकायला मिळतं, ते व्हिडिओ कॉलवर मिळत नाही. नुसत्या डेटा एन्ट्रीवर मात्र विसंबू नका. ते काम यंत्रं झपाट्याने घेत आहेत.

आणि सावध राहा. काम देण्याआधी "रजिस्ट्रेशन फी" मागणारा नोकरी देत नसतो. फॉर्म टाइप करून घ्यायचे, चुका दाखवायच्या आणि मग कोर्टाच्या नोटिशीची धमकी देऊन पैसे उकळायचे, हा जुना प्रकार आहे. व्हिडिओ लाइक करा, टेलिग्रामवर टास्क पुरे करा, हा नवा. सुरुवातीला शे-दोनशे देतात, मग हजारो भरायला लावतात. सगळ्यांत वाईट म्हणजे "तुझं बँक खातं वापरू दे, कमिशन देतो." त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

शेवटचं बोलणं भावांशी आणि वडीलधाऱ्यांशी आहे. मुलीला घरून काम मिळालं की घरात आनंद होतो. मी विचारते, आनंद तिच्या कामाचा, की तिला बाहेर पाठवावं लागणार नाही याचा? हजरत खदिजा व्यापार करायच्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांचा माल सीरियापर्यंत जायचा. मग आपल्या मुलीला खोपोलीपर्यंत मुलाखतीला जायला काय हरकत आहे? तिला घरून काम करायचं असेल तर जरूर करू दे. पण तो निर्णय तिचा असू दे. ती कामाला बसली की दार लावा, मधे चहाची फर्माईश करू नका. पगार तिच्या खात्यात आणि यूपीआय तिच्याच मोबाइलवर असू दे.

आणि मुलींनो, मुलांनो, एक करता येईल. गावातल्या शाळेची खोली, वाचनालय, जमातखान्याचा हॉल, जे मिळेल ते आठवड्यातून एक दिवस मागून घ्या. एक इन्व्हर्टर, एक बरं इंटरनेट कनेक्शन आणि पाच-सहा जण पुरेत. काम तिथे बसून करा. कुणाला किती दर मिळतो ते एकमेकांना सांगा, ऑफर खरी की खोटी ते मिळून तपासा. एकट्याला फसवणं सोपं असतं, सहा जणांना अवघड.

पहिल्या खोलीसाठी कोण नाव देतंय? आज इथून निघण्याआधी मला सांगा. पहिल्या दिवशी शिकवायला मी येते.