ठिणगी आणि काकवी

श्रोतेहो, कोरेगाव भीमा हे आमचं गाव तुम्हाला विजयस्तंभामुळे ठाऊक असेल. मी मात्र आज माझ्या डाव्या मनगटावरच्या एका डागाबद्दल बोलणार आहे.

माझे अब्बा शिकलगार. कोयत्यांना, विळ्यांना धार लावणं हा घरचा धंदा. उसाचा हंगाम आला की सहाणेचं चाक सायकलला बांधून ते भीमेच्या काठाने दौंडच्या बाजूला गुऱ्हाळांवर जायचे. सुट्टी असली की मीही पुढच्या दांडीवर. चाक फिरू लागलं की पिवळ्याधमक ठिणग्या उडायच्या आणि माझ्या उघड्या हातावर पडायच्या. किंचित टोचायचं, बस्स. आपल्याला विस्तव भाजत नाही, असा माझा समज झाला.

मग एका संध्याकाळी काहिलीतून नुकतीच काढलेली काकवी माझ्या मनगटावर सांडली. असेल चमचाभर. ती लाल नव्हती, चमकत नव्हती. पण तिने कातडी सोलून काढली. ऐन हंगामातले अब्बांचे आठ दिवस दवाखान्याच्या फेऱ्यांत गेले. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरात आठ दिवस म्हणजे काय, ते सांगायला नको.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञान दहावीतच सुटलं होतं. हे कोडं उलगडलं ते पुढे मुलाच्या शाळेच्या पुस्तकात डोकावताना. आपण ‘गरम’ या एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबतो. एक तापमान, दुसरी आंतरिक ऊर्जा. पदार्थाचे कण सरासरी किती जोराने हलताहेत, ते तापमान सांगतं. आंतरिक ऊर्जा म्हणजे त्या सगळ्या कणांच्या हालचालीची आणि त्यांच्या आपसातल्या ओढीची मिळून बेरीज. सरासरी वेगळी, बेरीज वेगळी.

ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते, पण तो लोखंडाचा इवलासा कण. मिलिग्रॅमचा शंभरावा भाग भरला तरी पुष्कळ. द्यायला तिच्याजवळ आहे काय? काकवी तापमानाला ठिणगीच्या दहाव्या हिश्शाची, पण चमचाभर. निवताना ती कातडीला जी उष्णता देते, ती ठिणगीच्या सुमारे लाखपट भरते. शिवाय चिकटून बसते.

काहिलीपाशी आणखी एक गंमत दिसते. रस शंभर अंशांच्या आसपास उकळू लागला की चुलवाणात कितीही चिपाडं घाला, तापमापीचा पारा फारसा हलत नाही. जाळ जातो कुठे? पाण्याचे कण एकमेकांपासून सोडवण्यात. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात आणि ती वाफ ते सगळं पोटात घेऊन जाते. म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा त्याच तापमानाची वाफ जास्त भाजते. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास या लपलेल्या उष्णतेचा छडा लावला. तिला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. कवी म्हणून मला या शब्दाचा हेवा वाटतो.

पाणी उडून रस दाटला की पारा पुन्हा चढतो. ११८ अंशांच्या आसपास गूळ तयार. गुळव्याला तापमापी लागत नाही. तो थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का पाहतो, आणि काहील उतरवा म्हणतो.

आता आमची नदी घ्या. जानेवारीच्या पहाटे भीमेच्या पाण्यात पाय घालवत नाही. तरी त्या अख्ख्या डोहातली आंतरिक ऊर्जा उकळत्या काहिलीपेक्षा कितीतरी जास्त आहे. मग डोहाच्या पाण्यावर गूळ का शिजत नाही? कारण उष्णता आपणहून जाते ती जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे. कुणाजवळ साठा मोठा, हे ती विचारत नाही. तेव्हा भाजेल का, हे तापमानाने ठरतं. किती भाजेल, ते बरंचसं साठ्यावर. माझी अर्धी बाजू पक्की होती, अर्ध्या बाजूने हात गेला.

हल्ली नातू गुऱ्हाळावर चला म्हणून हट्ट धरतो. त्याला नेतो, पण काकवी आधी पसरट परातीत ओतून घेतो, म्हणजे लवकर निवते. वर साय धरली तरी आत बोट घालू देत नाही. तो घड्याळ बघत बसतो.