माहेरची चूल, सासरचे ताट



वसंत व्याख्यानमालेत स्वयंपाकघरावर बोलावयाचे म्हटले की काहींच्या कपाळाला आठी पडते. इतिहास, साहित्य, राजकारण हे व्यासपीठाचे विषय आणि फोडणी हा आतल्या खोलीतला, असा आपला समज आहे. परंतु दोन मुलुखांची गाठ जेथे रोज पडते, रोज कुरबूर होते आणि रोज समेटही होतो, ती जागा दरबार नव्हे. ती चूल होय.

हे सांगावयास राधानगरीइतके योग्य गाव आम्हांला दुसरे सुचत नाही. एक तर हे गावच एका लेकीच्या नावाचे आहे. शाहू छत्रपतींनी १९०८ साली ते वसविले आणि आपल्या कन्या राधाबाई यांचे नाव त्याला दिले. त्याच साली राधाबाई देवासच्या पवार घराण्यात, दूर माळव्यात, सून म्हणून गेल्या. लेक परमुलुखी गेली, नाव माहेरी राहिले. दुसरे असे की, हे गाव उंबऱ्यावर बसलेले आहे. भोगावतीच्या काठाकाठाने खाली गेलात की कोल्हापूर. दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरलात की कोकण. बैलगाड्यांच्या काळी या घाटाने गूळ आणि मिरची खाली जाई. मीठ, नारळ, आमसुले आणि सुकी मासळी वर येई. ज्या वाटेने माल जातो त्या वाटेने सोयरिकीही जातात. आज येथे बसलेल्या कितीतरी घरांत आजी, आई किंवा सून घाटाखालची असेल.

आता ही मुलगी वर आली म्हणजे काय होते? पहिली अडचण शब्दांची. ती भात जेवून वाढलेली. येथे भाकरी थापता आली नाही तर पुढचे सारे व्यर्थ. तिच्याकडे आंबटाला सोलं, येथे चिंच. तिच्याकडे ओल्या खोबऱ्याचे वाटण पाट्यावर रोज. येथे सुके खोबरे भाजून कांदा-लसणाच्या चटणीत वर्षभराचे एकदाच कांडलेले. ती बांगड्यात तिरफळ घालते, येथे पुष्कळांना तिरफळ खातात की अंगाला चोळतात हेही माहीत नसते. शब्द एक, वस्तू दुसरी, असेही घडते. आपल्याकडे पोळी म्हटली की पुरणाची. रोजची ती चपाती. दुसऱ्या घरी रोजच्या चपातीलाच पोळी म्हणतात. नव्या सुनेला सासूबाईंनी सकाळी ‘पोळ्या करायच्या हाईत’ म्हणून सांगितले, तर तिने कणीक भिजवावी की डाळ शिजत घालावी?

आमच्याच घरचे उदाहरण देतो. आमची आजी फोंड्याखालची. वर्षा-दोन वर्षांत तिने येथला तांबडा रस्सा असा काही आत्मसात केला की भाऊबंद मुद्दाम जेवावयास येत. मात्र सुका बांगडा भाजावयाचा झाला तर तो परसात, तीन दगडांच्या चुलीवर, पुरुषमंडळी शेताला गेल्यावर. सोलांचे सार घरात होई, पण कोणाला पित्त झाले तर, औषध म्हणून. तिरफळांची डबी फडताळात सर्वांत मागे. सासरची चव तिच्या हाताला आली याचे सर्वांना कौतुक होते; तिची चव घराला लागली नाही, याची खंत कोणाला वाटल्याचे आम्हांला आठवत नाही. ती गेली तेव्हा काळ्या वाटाण्याचे सांबारे कसे करावयाचे हे घरात एकालाही ठाऊक नव्हते. वडिलांना त्याचा वास आठवे; कृती आठवत नसे.

कोणी म्हणेल, यात एवढे काय बिघडले? घराला एक चव असावी, आणि आमची कोल्हापुरी चव अस्सल आहे, तिच्यात भेसळ कशाला? श्रोतेहो, या अस्सलपणाची थोडी झडती घेऊ. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध पडते. नारळ हे समुद्रकाठचे फळ. चटणीचा रंग आणि तिखटपणा ज्या ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांनी येतो, ती दोन्ही गावे आज कर्नाटकात आहेत. मुळात मिरचीच अमेरिकेतली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात या किनाऱ्याला लागली. शेंगदाण्याचे मूळही दक्षिण अमेरिकेतच. आपण किमा म्हणतो, तो शब्द मूळचा तुर्की. म्हणजे जिला आपण भेसळ म्हणतो, तिच्याच जोरावर आपले ताट उभे आहे. परक्या मिरचीला आपण घरात घेतले, तिचे तिखट मिरवले; आणि घरात आलेल्या मुलीच्या तिरफळाला फडताळात मागे ठेवले.

हा किमा ज्या तुर्कांच्या भाषेतला, त्यांनी पश्चिमेकडे युरोपातही मोठा संसार मांडला होता. तेथील बोस्निया हा प्रांत १४६३ साली त्यांच्या हाती गेला आणि १८७८ पर्यंत, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या अमलाखाली राहिला. लोकांची बोली स्लाव्ह कुळातलीच राहिली, पण स्वयंपाकघरात तुर्की शब्द येऊन बसले. कांदे पोखरून त्यांत सारण भरतात, आपल्या भरल्या वांग्यांसारखे. त्यांना तेथे ‘सोगान-दोल्मा’ म्हणतात. सोगान म्हणजे कांदा, दोल्मा म्हणजे भरलेले. दोन्ही शब्द तुर्की. पातळ लाटलेल्या पारीत सारण घालून भाजलेल्या पदार्थाला तुर्क सरसकट ‘बोरेक’ म्हणतात. बोस्नियाच्या गृहिणीने शब्द घेतला, पण स्वतःच्या हिशेबाने. तिच्याकडे बुरेक म्हणजे मांसाचाच. चीजचा असेल तर ‘सिरनित्सा’, बटाट्याचा असेल तर ‘क्रोंपिरुशा’. आपल्या पोळी-चपातीचाच हा प्रकार नव्हे काय? पुढे १८७८ नंतर पुष्कळ बोस्नियन कुटुंबे तुर्कस्तानात जाऊन राहिली, आणि आज तुर्कस्तानात त्यांच्या हातचा प्रकार ‘बोश्नाक बोरेक’ या नावाने ओळखला जातो. तुर्कांचा पदार्थ सासरी गेला, तेथे पालटला आणि माहेरी परतला तो सासरचे नाव घेऊन. कोणी त्याला परसात बसविले नाही.

आपल्या मराठी माणसांनीही असा संसार केला आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत चालले. तमिळ मुलुखाच्या मध्यावर मराठी चूल सुमारे पावणेदोनशे वर्षे राजाश्रयाने पेटती राहिली. सरफोजीराजांच्या काळचे मराठीतील पाकशास्त्राचे हस्तलिखित तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. पाककृती लिहून ठेवणे राजाला कमीपणाचे वाटले नाही, हे ध्यानात घ्यावे. राज्य गेले, पण तंजावरी मराठी कुटुंबांच्या घरात आजही रसवांगी शिजते आणि चुलीपाशी एक आगळी, तमिळ वळणाची मराठी बोलली जाते. आपल्यासारखेच तमिळ मुलुखातही पोळी म्हणजे पुरणाची. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले अशी एक कथा सांगतात. कथा गोड आहे, पण तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही. आम्हांला त्या कथेपेक्षा एवढेच पुरते की, तंजावरचे तुरीच्या डाळीचे सांबार आणि आमच्या आजीचे काळ्या वाटाण्याचे सांबारे ही एकाच नावाची दोन लेकरे आहेत. एक जगभर गेले. दुसरे आमच्या घरात परसाच्या दारापर्यंतच पोहोचले.

असे का व्हावे? चवीत उणे होते म्हणून नव्हे. तंजावरात मराठी चव राजाच्या बरोबर आली, बोस्नियात तुर्की चव विजेत्याच्या बरोबर आली. तिला मान मिळणारच. आमच्या घरात कोकणची चव आली ती एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीबरोबर, आणि तिच्या हाती सत्ता नव्हती. दोन मुलुखांचे मीलन म्हणून आपण जे गोडवे गातो, त्यात पालटावे कोणी हा प्रश्न आपण विचारीत नाही. कारण उत्तर ठरलेले असते. बहुधा सुनेनेच. ती पालटते, घर तसेच राहते, आणि आपण त्याला ‘पोरगी घरात मिसळली’ असे म्हणतो. मिठाचा खडा पाण्यात टाकला तर तोही मिसळतो, पण पाणी खारट होते. घराला तिची चव लागलीच नाही, तर तिला मिसळणे म्हणता येत नाही.

आता काळ बदलला आहे. मुलीही नोकरीस जातात, सुना घाटाखालच्याच नव्हे तर परप्रांतातल्याही येतात, आणि राधानगरीच्या लेकी पुण्या-बंगळुरास व त्याहूनही दूर संसार मांडतात. तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. सुनेने भाकरी शिकावी, अवश्य शिकावी. तसे सासूनेही एकदा घावणे घालून पाहावेत. आठवड्यातून एक दिवस तिच्या माहेरचा पदार्थ घरच्या चुलीवर, सर्वांच्या देखत शिजावा. तो त्याच्या मूळ नावानेच वाढला जावा. आणि त्याची कृती मुलींबरोबर मुलग्यांनीही शिकावी. ज्यांच्या घरी अशी आजी आज हयात आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्याजवळ वही घेऊन बसावे. मापे ती मुठीने आणि चिमटीने सांगेल. तशीच लिहून घ्यावी.

ज्या गावाने परमुलुखी दिलेल्या लेकीचे नाव शंभरावर वर्षे जपले, त्या गावाने परमुलुखातून आलेल्या लेकींची चवही जपावी, एवढी विनंती आहे.