चिंचेचे पान

झाशीहून सकाळच्या गाडीने निघालेला प्रवासी ऊन तापण्याच्या आत ग्वाल्हेरीस पोहोचतो. डिसेंबरातील एका रविवारी पाच माणसांचे एक मराठी कुटुंब असेच तेथे उतरले. आजोबा, मुलगा, सून, तेरा वर्षांचा नातू आणि सात वर्षांची नात. सुनेने दशम्यांचा डबा बरोबर घेतला होता. नातवाने मात्र काहीच घेतले नव्हते, सांगितलेली चीजांची वहीसुद्धा नाही.

आजोबांनी ते पाहिले, पण बोलले नाहीत. तारुण्यातील चार वर्षे त्यांनी या शहरात गाणे शिकण्यात घालविली होती. पुढे नोकरी लागली आणि गाणे घरापुरते उरले. नातवाचा गळा गोड निघाला, तेव्हा त्यांना आपले राहिलेले सारे त्याच्या कंठात दिसू लागले. आणि गेले सहा महिने मुलगा गात नव्हता. तंबोरा लावला की त्याला अभ्यास आठवे.

प्रथम सर्वजण किल्ल्यावर गेले. मानसिंह तोमराने पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या मानमंदिराच्या भिंतींवर कौलांची बदके ओळीने चालली आहेत. नातीने ती मोजावयास घेतली आणि मध्येच चुकून पुन्हा आरंभ केला. या राजाने ध्रुपदाला आश्रय दिला. गुजरी तोडी या रागाचे नाव त्याच्या गुजर राणीवरून पडले, असे परंपरा सांगते. तिच्यासाठी बांधलेला गुजरी महाल किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. तेथे आता पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. नावांच्या अशा व्युत्पत्ती इतिहासकारांना मानवत नाहीत. गवयांना त्या लागतात.

दुपारी मंडळी हजिऱ्याला गेली. महंमद घौस यांचा मकबरा भव्य, चारी बाजूंनी दगडी जाळ्यांनी वेढलेला. त्याच्या सावलीत तानसेनाची कबर आहे, तिच्यावर खांबांचा लहानसा मंडप. अकबराच्या दरबारातील हे रत्न एवढ्याशा जागेत निजलेले पाहून सुनेला नवल वाटले. दर वर्षी डिसेंबरात येथे समारोह होतो. त्याच्या प्रारंभी हरिकथा आणि मिलाद दोन्ही होतात, आणि हरिकथा ढोलीबुवांच्या परंपरेतील महाराज करतात. इतके ग्वाल्हेरचे मराठीपण आणि इतके त्याचे शहाणपण एका सकाळीत अन्यत्र क्वचितच दिसेल.

कबरीजवळ चिंच आहे. मूळ वृक्ष राहिला नाही. त्याच्या जागी नंतरचे झाड आले. पाला खाल्ला की आवाज गोड होतो, या समजुतीने गायकांनी त्या पहिल्या झाडाला पुष्कळ ओरबाडले.

“खा एक पान,” आजोबा म्हणाले.

नातवाने खाली पडलेले पान उचलून तोंडात टाकले, चावले, आणि तोंड वाकडे केले. “आजोबा, आंबट आहे हो!” हे म्हणताना त्याचा आवाज मध्येच चिरला, अर्धे वाक्य मुलाचे, अर्धे एखाद्या पोक्त माणसाचे. नात खदखदून हसली. मुलगा कानांपर्यंत लाल झाला आणि जाळीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

आजोबांनी विषय बदलला. वाटेत ते हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंची गोष्ट सांगू लागले. बडे महंमद खाँ आपली तान कोणास देत नसत. म्हणून या दोघांना पडद्याआड बसवून ती ऐकविण्यात आली, अशी आख्यायिका आहे. पुढे एका अवघड तानेने हस्सू खाँची बरगडी मोडली आणि त्यातच ते गेले, असेही सांगतात. याच घराण्याची विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली आणि महाराष्ट्रात आणली. मिरजेस त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर शिकले, आणि त्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले.

“बरगडी मोडेपर्यंत गायचे?” नातवाने विचारले. आजोबांना उत्तर सुचले नाही.

सायंकाळी ते लष्करात आले. दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे पडली, तेथे हे शहर वाढले. माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने भातखंड्यांनी १९१८ साली स्थापिलेले माधव संगीत महाविद्यालय याच ग्वाल्हेरचे. त्याच्याआधी चार वर्षे कृष्णराव शंकर पंडितांनी आपली शाळा काढली होती. २०२३ साली युनेस्कोने या शहराला संगीतनगरी म्हणून मान दिला. गल्ल्यांना त्याची विशेष खबर दिसत नव्हती. एका माडीवरून मात्र तंबोऱ्याचा आवाज येत होता. कोणी मुलगा काळी चारमध्ये षड्ज लावू पाहत होता आणि लागत नव्हता. शिकविणाऱ्याने तारा उतरविल्या. क्षणभर बेसूर खरखर झाली, मग खालचा षड्ज भरून राहिला आणि मुलगा त्यात सहज बसला.

आजोबा रस्त्यातच थांबले. सोळाव्या वर्षी त्यांच्याही गुरुजींनी असेच केले होते. वर्षभर केवळ खर्ज भरावयास लावला होता. हे ते कसे विसरले? सहा महिने ते नातवापुढे त्याच जुन्या काळी पाचमध्ये तंबोरा लावीत होते.

परतीच्या गाडीत नात आईच्या मांडीवर झोपली. मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. डबरा मागे पडल्यावर आजोबांनी हळूच विचारले, “आवाज कुठवर खाली जातो रे आता?”

“पुष्कळ. पण घोगरा येतो.”

“येऊ दे. लाव पाहू.”

गाडीच्या खडखडाटात मुलाने स्वर लावला. समोरच्या बाकावरील प्रवाशाने वर्तमानपत्र खाली घेतले. स्वर थरथरला, एकदा तुटला. आजोबांनी त्याच्याहून खाली आपला मिळविला आणि धरून ठेवला.