वैनगंगेपलीकडचे स्टेशन
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गावच्या पुलाविषयी चार शब्द बोला, असे कार्यवाहबाईंनी सांगितले. खांब, कमानी, कंत्राटे हे पुरुषमंडळींचे विषय! पण पूल नसल्याचे दुःख बायकांनीही पुष्कळ सोसले आहे, म्हणून उभी राहिले.

आपल्या पवनीला तीन बाजूंनी तट व खंदक आणि चौथ्या बाजूस वैनगंगा. शत्रूला अडवायला उत्तम. पण माहेरवाशिणीलाही तीच नदी आडवी येई. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८ साली नागपूर-नागभीड हा अडीच फुटी मार्ग सुरू केला आणि एका स्टेशनाला आपले नाव दिले, 'पवनी रोड'. त्या 'रोड'मध्येच सारी मेख! स्टेशन पलीकडच्या तीरावर, तेही नदीपासून दूर. उन्हाळ्यात उतार पाहून बैलगाडी रेतीतून घालीत, पावसाळ्यात डोंगा.

माझ्या आजीचे माहेर भिवापूरचे. एका श्रावणात आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. काखेत तान्हे लेकरू घेऊन आजी घाटावर गेली, तो नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. नावाडी म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाल तर डोंगा घालतो, पण लेकराला नेणार नाही." अंगावर पिणारे लेकरू ठेवायचे कुठे? तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. ती भिवापूरला पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. नावाड्याला तिने कधी बोल लावला नाही. दर दिवाळीला त्याच्या घरी फराळ मात्र जाई.

पुलामुळे नदी नमते असेही नाही. भंडाऱ्याजवळ कारध्याचा जुना इंग्रजी अमदानीतला ठेंगणा पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो. आपल्या वरच्या अंगास गोसेखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. २०२० च्या ऑगस्टअखेर त्याचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले, तेव्हा काठच्या घरांतून भांडीकुंडी हलविताना आपण सर्वांनीच पाहिली. छोटी गाडी तर २०१९ साली रुंद मार्गाच्या कामासाठी बंद झाली. जिच्यासाठी डोंग्याची वाट पाहायची, तीच गेली!

निलजच्या रस्त्यावर पूल झाल्यानंतर आजी प्रथमच एसटीने भिवापूरला निघाली. मी शेजारी होते. नदीत टाकायला तिने पदराच्या गाठीतून नाणे काढले. गाठ सुटेपर्यंत गाडी पलीकडे पोचलीही. ती नाणे तसेच मुठीत धरून म्हणाली, "अगं, एवढ्यात संपली?"