परक्या राजधानींतला पहिला दिवस

दूरच्या प्रवासास निघालेला मनुष्य सामान किती घ्यावें याचा पुष्कळ विचार करतो. परंतु एक वस्तु न विचारतांच त्याच्याबरोबर जाते. ती म्हणजे आपल्या गांवचें घड्याळ. मनगटावरचें नव्हे, तें विमानांतच फिरवून घेतां येतें. शरीरांतलें घड्याळ मात्र कोणाच्या बोटांनीं फिरत नाहीं. आगबोटीच्या काळांत ही अडचण नव्हती. मुंबईहून विलायतेस पोहोंचावयास दोन-तीन आठवडे लागत, बोटीवरचें घड्याळ रोज थोडें थोडें मागें सरे, आणि देहहि त्याच्याच पावलांनीं चाले. विमानानें ती सवड काढून घेतली.

पुण्याहून मुलीकडे वॉशिंग्टनला गेलेल्या एका वृद्ध दांपत्याची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे. उन्हाळ्याचे दिवस होते. डलेस विमानतळावर विमान सकाळीं उतरलें. हा विमानतळ राजधानीच्या पश्चिमेस सुमारें २६ मैलांवर, व्हर्जिनिया राज्यांत आहे. जांवयांस रजा त्या एका दिवसाचीच मिळाली होती. म्हणून स्नान, चहा आटोपून अकराच्या सुमारास मंडळी मोटारींतून शहर पाहावयास निघाली. पुण्यांत त्या वेळीं रात्रीचे साडेआठ वाजले होते. वडिलांचा जन्म टपाल खात्याच्या चाकरींत गेलेला. शाळकरी वयांत लिंकनचें चरित्र त्यांनीं वाचलें होतें, आणि त्याचा पुतळा डोळ्यांनीं पाहावा ही एकच इच्छा धरून ते सातासमुद्रांपलीकडे आले होते.

हें शहर मोटारींतून पाहण्याजोगें आहे खरें. १७९१ सालीं लाँफाँ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें त्याचा आराखडा काढला. आंकड्यांचे व अक्षरांचे सरळ रस्ते, त्यांना तिरपे छेदणारे राज्यांच्या नांवांचे रुंद मार्ग, आणि जेथें ते मिळतात तेथें चौक व वर्तुळें. इमारतींच्या उंचीस १९१० पासून कायद्याची मर्यादा असल्यामुळें दूरवरचें स्मारकहि नजरेच्या टप्प्यांत राहतें. मॅसॅच्युसेट्स मार्गावर भारतीय वकिलातीसमोर २००० सालीं बसविलेला गांधीजींचा पुतळा दिसतांच आईंनीं गाडींतूनच हात जोडले. त्यांनीं विमानांत झोंप काढली होती. वडिलांची मान मात्र तोंवर छातीवर आली होती. बंद कांचा, आंतला गार वारा आणि चाकांचा मंद झोका! मोटार म्हणजे थोरांचा पाळणाच होय.

यांत त्यांचा दोष नव्हता. १७२९ मध्यें द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें लाजाळूसारखें एक रोप अंधारांत ठेविलें, तरी त्याचीं पानें वेळच्या वेळीं उघडत व मिटत राहिलीं. सजीवांच्या अंगांतच काळ मोजण्याची सोय आहे, याची ही पहिली खूण. ती सोय पेशीपेशींत कशी चालते हें फळमाशांवर प्रयोग करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या मेंदूंत डोळ्यांकडून येणारे मज्जातंतु जेथें एकमेकांस छेदतात, त्याच्या किंचित वर सुमारें २०,००० पेशींचें हें मुख्य घड्याळ असतें. त्याला किल्ली देतो तो उजेड. तरीहि तें दिवसाकाठीं साधारण एक तासच सरकतें. आणि येथें तर साडेनऊ तासांचें अंतर होतें!

"बाबा, डोळे उघडा. हा पाहा वॉशिंग्टनचा स्तंभ," मुलीनें हांक मारली. वडिलांनीं पाहिलें, चष्मा पुसला, पुन्हां पाहिलें. स्तंभ खालीं एका रंगाचा व वर दुसऱ्या रंगाचा दिसत होता. झोंपेनें दृष्टि गेली कीं काय असें त्यांना वाटलें. दृष्टि शाबूत होती. १८४८ मध्यें सुरू झालेलें काम १८५४ मध्यें पैशांअभावीं थांबलें, पुढें यादवी युद्ध झालें, आणि १८७९ मध्यें तें पुन्हां सुरू झालें तेव्हां संगमरवर पहिल्यासारखा मिळाला नाहीं. ५५५ फूट उंचीचा तो स्तंभ १८८४ मध्यें पुरा झाला. मुलीचें हें सांगणें संपण्यापूर्वींच वडील पुन्हां निजले होते.

लिंकनच्या स्मारकाजवळ गाडी उभी राहिली तेव्हां दोन वाजून गेले होते. पुण्यांत मध्यरात्र होत आली होती. वडील रस्ता ओलांडण्यास निघाले. जन्माच्या संवयीनें त्यांनीं उजवीकडे पाहिलें. तिकडे रस्ता मोकळा होता. परंतु त्या देशांत वाहनें उजव्या बाजूनें चालतात व जवळची गाडी डावीकडून येते. "अहो!" एवढेंच म्हणून आईंनीं दंड धरून त्यांना मागें ओढलें, आणि एक मोटार अगदीं पुढून निघून गेली. जें दोन पावलें टाकतांना घडलें तें चक्र हातीं धरून घडतें तर काय झालें असतें? विमानांतून उतरलेल्या मनुष्यानें त्या दिवशीं गाडी हांकूं नये हें सांगावें लागूं नये. पण हौशी मंडळी भाड्याची मोटार घेतातच.

जांवई खजील झाले. पुढचे बेत त्यांनीं रद्द केले. प्रेमानें एकाच दिवसांत सारें शहर दाखविण्याची यजमानांची घाई पाहुण्याच्या जिवावर येते, हें त्यांना तेथेंच उमगलें असावें.

वडील पायऱ्या चढूं लागले. उन्हानें व चालण्यानें त्यांची गुंगी थोडी उतरली. आंत १९ फूट उंचीचा बसलेला लिंकन. भोंवतीं ३६ खांब. त्याच्या मृत्यूच्या वेळीं इतकींच राज्यें संघांत होतीं, आणि फुटून गेलेलींहि त्यांत धरलेलीं आहेत, हें मुलीनें सांगतांच वडील एकेक खांब मोजूं लागले. १९६३ मध्यें मार्टिन ल्यूथर किंग जेथून बोलले ती जागाहि पायऱ्यांवर कोरून ठेवलेली आहे. तिच्याशेजारीं तीं दोघें तासभर बसलीं. वडिलांनीं जांभई दिली नाहीं.

रात्रीं आठालाच दोघें निजलीं, आणि दोन वाजतां वडील जागे झाले ते भुकेनें. पुण्यांत साडेअकरा, म्हणजे पानावर बसण्याची वेळ. स्वयंपाकघरांत आईंनीं आवाज न करतां दहींपोहे कालविले. वडील हळूच म्हणाले, "गांधीजींचा पुतळा लागला होता म्हणतेस, तो कसा आहे तें नीट सांग पाहूं." आईंनीं वाटी त्यांच्यापुढें सरकविली आणि सांगावयास सुरुवात केली.