झडपेआडचा सण



शताब्दीच्या या सोहळ्यात ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथांचे आणि जुन्या नियतकालिकांच्या फायलींचे कौतुक होणे उचितच आहे. परंतु ज्याला अद्याप अक्षरओळख नाही आणि ज्याच्या हाती दिलेले पुस्तक प्रथम तोंडात जाते, अशा दीड-दोन वर्षांच्या वाचकाचाही विचार ग्रंथालयाने करावा काय, हा प्रश्न या प्रसंगी अप्रस्तुत ठरू नये.

पाश्चात्त्य देशांत हा विचार बराच पुढे गेला आहे. लंडनचे प्रकाशक रॉबर्ट सेयर यांनी १७६५ च्या सुमारास, कागदी झडप उलटताच चित्र बदलावे, अशी पुस्तके काढली. म्युनिकच्या लोथार मेग्गेनडॉर्फर यांनी एकोणिसाव्या शतकात पट्टी ओढताच हलणारी चित्रे रचली. ही नाजूक पुस्तके रांगत्या मुलाच्या हाती देण्याजोगी नव्हती. अमेरिकेत १९४० साली डोरोथी कुनहार्ट यांच्या 'पॅट द बनी' या पुस्तकात सशाची मऊ लव आणि वडिलांची खरखरीत दाढी बोटांनी अनुभवण्याची सोय झाली, आणि वाचन स्पर्शापर्यंत आले.

इंग्रज चित्रकार एरिक हिल एका जाहिरातीतील झडपेचे काम करीत असता त्यांचा लहानगा मुलगा तिच्याशी रमला. त्यातून १९८० साली 'व्हेअर्स स्पॉट?' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आई आपल्या पिल्लाला शोधते. दाराआड अस्वल, घड्याळात साप, पलंगाखाली मगर निघते, आणि पिल्लू शेवटी टोपलीत सापडते. आपल्याकडील 'बुवा-कुक'चाच हा खेळ! पुढे १९८३ मध्ये याच पिल्लाच्या नाताळचे आणि १९८८ मध्ये ईस्टरचे पुस्तक आले. ईस्टरला घरात व बागेत रंगीत अंडी लपवून मुलांनी ती शोधावीत, अशी तिकडे रूढी आहे. पुस्तकात ती अंडी झडपांआड लपली, तेव्हा रूढी आणि पुस्तक यांचा आकार एकच झाला.

झडपेआड काय आहे, हे मुलाला दुसऱ्या वाचनातच ठाऊक होते. तरीही ते पुनःपुन्हा तीच झडप उघडते, कारण अपेक्षिलेले नेमके तेथेच सापडावे, हाच त्याचा आनंद. थोरांचा सणाचा आनंद तरी याहून वेगळा कोठे असतो? आकाशकंदील, पणत्या, किल्ला, फराळाचा डबा, सारे ठाऊक असते आणि सारे दरवर्षी हवेच असते. फराळाच्या डब्याचे झाकण ही तर आयती झडपच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला आणि थोरांच्या फराळात साहित्य आले. त्या ताटात बाळाचाही घास असावा.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. अंगणात एक भाषा, शाळेत दुसरी, अशा परिस्थितीत मराठीला निर्वेधपणे लाभतात ती मांडीवरची पहिली तीन वर्षे. झडपेच्या पुस्तकात शब्द थोडे असतात. 'आत कोण बरं लपलंय?' हे आजीलाच विचारावे लागते. पुस्तक कोणत्याही भाषेत छापलेले असो, तो प्रश्न मराठीत विचारला जावा, एवढेच पुरे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन यांना पाचारण करून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले, तेव्हा मुलांचा विभागही त्यांच्या दृष्टीसमोर होता, हे येथे स्मरावे.

अडचण आहे ती नियमांची. झडपा फाटतात, फाटलेल्या पुस्तकाचा दंड होतो, म्हणून पालक ती नेत नाहीत आणि ग्रंथपाल ती कपाटात कुलूपबंद ठेवतात. अशी पुस्तके अल्पायुषी आहेत, हे एकदा मान्य करावे. त्यांच्यासाठी खालचा एक कप्पा, दंडमाफी आणि दरवर्षी काही नव्या प्रतींची तरतूद, इतकी व्यवस्था आश्रयदात्यांच्या औदार्यास जड नाही. चिकटपट्टी लावलेली झडप ही नोंदवहीत हानी म्हणून न लिहिता वाचन म्हणून लिहिली जावी, एवढी विनंती करून हे भाषण येथे पूर्ण होते.